एका तारखेची मंडळी, एका पानावर

अप्पा बळवंत चौकातून ही पुण्यतिथ्यांची पुस्तिका घेतली. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बांधणीबद्दल बोलायचंय: महिनाभरात पानं सुटी. टाईपही इतका बारीक की आमच्या आईला भिंगच लागतं.

कल्पना मात्र झकास. एकाच तारखेला गेलेले कलावंत एका पानावर, प्रत्येकाची चार-सहा वाक्यांत ओळख. १२ जुलै उघडा: राजेंद्रकुमार (१९९९), दारासिंग (२०१२), प्राण (२०१३). एक ‘ज्युबिलीकुमार’, एक आखाड्यातून थेट टीव्हीवरच्या रामायणात हनुमान झालेला पैलवान, आणि एक असा खलनायक की म्हणे लोक पोराचं नाव प्राण ठेवायला धजेनात. त्यांना फाळके पुरस्कार दिला तो जायच्या दोन महिने आधी, घरी जाऊन. सरकारी कामं अशीच. हे पान मी शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलं.

१२ जूनला पुलं (२०००, इथेच पुण्यात) आणि शेजारी हॉलिवूडचे ग्रेगरी पेक (२००३). वा! पण पुलंना आठ ओळी नि पेकला अकरा? तेही पुण्यात छापून?

किंमत ठीक. पुढची आवृत्ती काढाल तेव्हा पानं शिवा, नुसता डिंक नको.