खांद्याचं इम्पिंजमेंट: फिजिओ, इंजेक्शन की ऑपरेशन?

हात खाली असताना काही नाही. पूर्ण वर गेला की पुन्हा काही नाही. मधल्या ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात मात्र अशी कळ येते की हातातली वस्तू सुटावी. शर्टाची दुसरी बाही चढवताना, गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी ओढताना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री झोपेत त्या कुशीवर वळल्यावर. दुखणं या चालीचं असेल आणि डॉक्टरांनी कागदावर ‘इम्पिंजमेंट’ लिहिलं असेल, तर पुढे साधारण तीन रस्ते दिसतात. त्यातल्या दोन रस्त्यांवरून मी गेलोय, तिसऱ्याच्या दारापर्यंत जाऊन परतलोय.

आधी त्या शब्दाबद्दल. चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने १९७२ साली मांडलं की खांद्याच्या माथ्यावरचं हाड खालच्या स्नायुबंधाला घासतं, चेंगरतं आणि दुखणं त्यातून सुरू होतं. हाड घासत असेल तर हाड तासायचं, हे ओघानेच आलं. आता अनेक तज्ज्ञांना हे चित्र अपुरं वाटतं. स्नायुबंध अचानक जास्त भार पडून किंवा बरेच दिवस वापर कमी होऊन कमकुवत होतो, चिडतो, वरची पाण्याची पिशवी म्हणजे बर्सा सुजते. हाडाचा वाटा बऱ्याचदा दुय्यम असतो. हे निवडीआधी समजून घ्यायला हवं. दोष हाडाचा नसेल, तर व्यायाम म्हणजे ‘ऑपरेशनपर्यंतची वेळ मारून नेणं’ उरत नाही. तोच मुख्य उपचार ठरतो.

ऑपरेशन

तिसऱ्या रस्त्यापासूनच सुरुवात करतो, कारण भीतीही त्याचीच आणि आशाही त्याचीच. दुर्बिणीतून हाडाची खालची बाजू तासतात, बर्सा साफ करतात. छेद लहान असतात, घरी लवकर सोडतात. ऐकायला चोख वाटतं.

ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्या गटाच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं आणि काहीही न कापता बाहेर काढली, तिसऱ्या गटाला कसलाच उपचार दिला नाही. सहा महिन्यांनी हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले सारखेच होते. उपचार न मिळालेले किंचित मागे होते, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवावा इतका नव्हता. त्याच वर्षी फिनलंडच्या २१० रुग्णांच्या चाचणीतही, दोन वर्षांनंतर, हाड तासण्याचा दिखाऊ ऑपरेशनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली.

आणि ऑपरेशन करून फिजिओ चुकत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. त्यानंतरही काही आठवडे तेच व्यायाम करायचे असतात. शिवाय भूल, जंतुसंसर्ग, खांदा आखडणं या जोखमी वेगळ्याच. मी परतलो तो एवढ्यावरच.

इंजेक्शन

बर्सामध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन. काही दिवसांत ठणका उतरतो, झोप लागते. कितीतरी रात्री उशी छातीशी धरून अर्धवट बसून काढल्या असतील, तर त्या पहिल्या सलग झोपेची किंमत मी सांगायला नको.

पण तो आराम उधारीचा आहे. ब्रिटनमधल्याच, २०२१ साली छापलेल्या ७०८ जणांच्या चाचणीत इंजेक्शनचा थोडा फायदा आठ आठवड्यांपर्यंत दिसला, वर्षभराच्या हिशेबात तो नाहीसा झाला. पुन्हा पुन्हा घेतलं तर स्नायुबंध कमकुवत होण्याची भीती असते. मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वर जाते, म्हणून मधुमेह असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं.

माझं मत असं, की दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल तर एक इंजेक्शन घ्यावं आणि त्या शांत आठवड्यांत खांदा कामाला लावावा. माझी चूक उलटी झाली. दुखणं गेलं म्हणून मी बरा झालो असं समजलो, माळ्यावरच्या जड पेट्या उतरवल्या, आणि दोन महिन्यांत मूळ पदावर आलो.

फिजिओ, पण कुठली?

खरा घोळ इथे आहे. ‘फिजिओ करून पाहिली, फरक नाही’ असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, नेमकं काय केलं? माझी पहिली फेरी अशी होती: दहा दिवस रोज पालथं झोपायचं, खांद्याला जेल लावून अल्ट्रासाउंड फिरवायचं, मग शेक, मग वायर लावून मुंग्या आणणारं मशीन. शेवटी दोन मिनिटं हात गोल फिरवायचे. बरं वाटायचं, टिकायचं नाही. मशीनने स्नायुबंधात ताकद येत नाही.

दुसऱ्या फेरीतल्या बाईंनी मशीनला हातच लावला नाही. बगलेत टॉवेलची गुंडाळी, कोपर काटकोनात, दाराच्या कडीला बांधलेला रबरी बँड, आणि मूठ पोटाकडून बाहेर न्यायची. बाहेर नेताना सरळ, परत येताना तीन आकडे मोजत सावकाश. “परतीचा प्रवास हाच व्यायाम आहे, तो सोडून देऊ नका,” असं त्या रोज म्हणायच्या. सोबत खांद्याच्या पात्यासाठी बँड छातीकडे ओढणं, भिंतीवरून हात वर सरकवणं, आणि पुढे हलकं वजन घेऊन, अंगठा वर ठेवून हात तिरका उचलणं. दहा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारइतकं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर बँड एक पायरी हलका. सोपं वाटू लागलं की एक पायरी जड. हे वाढवत नेणं पहिल्या फेरीत नव्हतंच.

मग क्लिनिकला किती वेळा जावं? वरच्या ७०८ जणांच्या चाचणीत काहींना फिजिओसोबत सहापर्यंत बैठका मिळाल्या, काहींना एकच नीट समजावणारी बैठक आणि घरी करायचे व्यायाम. वर्षाने दोघं सारखेच. दुसरीकडे, स्वीडनमधल्या २०१२ च्या अभ्यासात ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीतले १०२ जण होते. सगळ्यांना आधी इंजेक्शन दिलं, मग निम्म्यांना भार वाढवत नेणारे खास व्यायाम आणि निम्म्यांना मान-खांद्याच्या साध्या, भार नसलेल्या हालचाली. बारा आठवड्यांनंतर खास व्यायामवाल्यांपैकी २० टक्क्यांनी ऑपरेशन मागितलं, इतरांपैकी ६३ टक्क्यांनी. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर मला एवढंच दिसतं: फेऱ्या किती मारल्या याला फारसं महत्त्व नाही, खांद्यावर भार चढतोय की नाही याला आहे.

म्हणून स्वतः शिस्तीने करणाऱ्याला एक-दोन बैठका आणि महिन्याने एकदा तपासणी पुरते. ज्याला कुणी विचारल्याशिवाय बँड हातात घेववत नाही, त्याने आठवड्याला जावं, त्यात कमीपणा नाही. दोघांनीही बारा आठवडे धरून चालावं. मला चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच कळलं नव्हतं. सहाव्यात एकदा पाठीमागचा सीटबेल्ट ओढला आणि नंतर लक्षात आलं की कळ आलीच नाही.

या तुलनेत बसत नसाल तर

पडल्यानंतर किंवा झटका बसून हात अचानक उचलताच येईना, तर ते इम्पिंजमेंट धरून बँड ताणत बसू नका. स्नायुबंध फाटला असेल तर लवकर दाखवणं गरजेचं आहे आणि तिथे शस्त्रक्रियेचा विचार वेगळा होतो. दुसऱ्याने हलवूनही हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल तर बहुधा फ्रोजन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडण्याचं वेगळं दुखणं. कळ कोपराखाली उतरून बोटांत मुंग्या येत असतील तर मान तपासून घ्या. आणि नुसत्या एमआरआयवर ‘थोडं फाटलंय’ असं लिहून आलं म्हणून घाबरू नका, वय वाढलं की अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही असं बऱ्याचदा दिसतं.

फिजिओकडे पहिल्या दिवशी एकच विचारा: “तिसऱ्या आठवड्यात माझा व्यायाम आजच्यापेक्षा जड कसा होईल?” उत्तरात फक्त मशीनची नावं आली, तर दुसरीकडे जा.