धुक्यातला पहारा : ‘क्राल शुमावी’

कारेल काखिन्या यांचा ‘क्राल शुमावी’, म्हणजे ‘शुमावाचा राजा’, हा 1959 सालचा चेकोस्लोव्हाक चित्रपट प्रचारपट म्हणून पाहायला बसावे तर थोड्याच वेळात पंचाईत होते, कारण तो फार चांगला जमला आहे. फेब्रुवारी 1948 मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यानंतर जर्मनीतील बव्हेरियालगतच्या शुमावाच्या जंगलातून माणसे पलीकडे पोहोचवणारा एक वाटाड्या आणि त्याच्या मागावर असलेले सीमारक्षक, एवढेच मुख्य कथानक. त्यातच एका तरुण रक्षकाचे मन सीमेलगत राहणाऱ्या मारीत गुंतते. यिरी वाला आणि यिरिना श्वोर्त्सोवा यांची कामे नेटकी आहेत. श्वोर्त्सोवा पुढे राजवटीच्या कट्टर समर्थक म्हणून ओळखल्या गेल्या, हे ठाऊक असलेल्याला मात्र त्यांची हळवी मारी पाहताना थोडे अवघडायला होते.

चित्रपटाचे खरे बळ योसेफ इलिक यांच्या कृष्णधवल छायाचित्रणात आहे. दलदल, धुके आणि काळी झाडे यांत पाठलाग करणारा कोण आणि पळणारा कोण हे काही क्षण कळेनासे होते. संवाद पक्षाची बाजू मांडत राहतात. कॅमेरा मात्र भीती दोन्ही बाजूंना सारखीच वाटून टाकतो.

खरी लबाडी आहे ती काळाच्या निवडीत. कथा 1948 मधली असल्यामुळे पन्नाशीच्या दशकात उभारलेले तारांचे कुंपण दाखवण्याची वेळच येत नाही. प्रत्यक्षात हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या तारांतून उच्च दाबाची वीज वाहत होती, आणि तो बंदोबस्त बाहेरून येणाऱ्या शत्रूपेक्षा घरातून निघालेल्या नागरिकासाठीच होता. 1948 ते 1989 या काळात देशाच्या पश्चिम सीमेवर निसटू पाहणारे सुमारे 280 जण मेले. ‘शुमावाचा राजा’ हे बिरुद ज्यांना चिकटले त्यांपैकी योसेफ हासिल तर स्वतःच सीमेवर नेमलेला पोलीस होता. गणवेशातलाच माणूस लोकांना पलीकडे नेत होता, ही गोष्ट पटकथेला परवडणारी नव्हती.

शेवटाकडे कर्तव्याची भाषा जड होते आणि वेगही मंदावतो, तरीही चित्रपट अवश्य पाहावा. जमल्यास त्यापाठोपाठ काखिन्या यांचाच ‘उखो’, म्हणजे ‘कान’, पाहावा, कारण अधिकाऱ्याच्या घरात दडवलेल्या ध्वनिग्राहकांवरचा तो चित्रपट 1970 मध्ये तयार होऊनही त्याच राजवटीने जवळपास वीस वर्षे डब्यात बंद ठेवला होता.