माहितीचा अर्ज की हरित लवाद?

गिरणाकाठच्या भाच्याने विचारलं, "मामा, वाळूउपशाविरुद्ध आधी माहिती अधिकार वापरू की थेट हरित लवाद गाठू?"

माहितीच्या अर्जाला 10 रुपये लागतात. हरित लवाद म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण; तिथे, भरपाई मागितली नाही तर, 1000. वर पुण्याच्या खंडपीठाच्या फेऱ्या. वकील सक्तीचा नाही, पण एकट्याची दमछाक होते.

माहिती 30 दिवसांत मिळायला हवी. लवादाकडे मात्र वाद उद्भवल्यापासून 6 महिन्यांत जावं लागतं, म्हणून कागदांची वाट बघत बसू नकोस. कागदाने उपसा थांबत नाही. लवाद थांबवण्याचा आदेश देऊ शकतो.

परवाना किती ब्रासचा, कुठल्या गटाचा हेच ठाऊक नसेल तर आधी अर्ज. विहिरी आटू लागल्या असतील आणि ट्रॅक्टरांचे तारखेसह फोटो हाताशी असतील, तर लवादच.