व्हीएची घरासाठीची ग्रांट : पैसा चांगला, यादी अजब

अमेरिकेच्या सैन्यात जखमी झालेल्यांना घरासाठी सरकारकडून, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या व्हीए या खात्याकडून, जी मदत मिळते तिच्याबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. ताईच्या घरी हे सगळं प्रकरण जवळून बघितलंय, बरेचसे कागद मीच तिच्या शेजारी बसून वाचलेत, म्हणून लिहून टाकते. भाऊजी आर्मीत होते, दोन्ही पाय कामातून गेलेत, व्हीलचेअर कायमची. त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः एसएएच म्हणजे स्पेशली अ‍ॅडाप्टेड हाउसिंग ग्रांटचा आहे, बाकीच्या योजना ओघात येतील.

आधी पैशाचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात. हे लोन नाही, परत करायचं नसतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात एसएएचची कमाल मर्यादा १,१७,०१४ डॉलर होती आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला बांधकामाचा खर्च वाढेल तशी ती वाढते. ही वाढ आपोआप होते हे मला फार आवडलं, नाहीतर सरकारी रकमा एकदा ठरल्या की पंधरा-वीस वर्षं कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. मूळ कायदा १९४८ चा. दुसऱ्या महायुद्धात पहिल्यांदाच मणक्याला मार लागलेले जवान मोठ्या संख्येने जगले, आणि हॉस्पिटलमधून सुटल्यावर स्वतःच्याच घराच्या पायऱ्या चढता येईनात अशी त्यांची अवस्था झाली. तेव्हा १०,००० डॉलरपर्यंत द्यायचे आणि तेही खर्चाच्या निम्मेच.

ही सगळी रक्कम एकदम वापरावी लागत नाही, आणि हे अनेकांना माहीतच नसतं. पूर्वी तीन वेळा वापरता यायची, २०२० च्या कायद्याने ते सहा वेळा केलं. म्हणजे आत्ता बाथरूम आणि रॅम्प करा, पुढे घर बदललं तर उरलेल्यातून तिथे करा. नवीन घर बांधायला, असलेलं घर बदलायला, किंवा आधीच असे बदल केलेलं घर घेतलं असेल तर त्याच्या कर्जाचं मुद्दल कमी करायला, असं कशालाही चालते. घर मात्र स्वतःच्या मालकीचं हवं. नातेवाइकांकडे तात्पुरतं राहत असाल तर टीआरए नावाचा छोटा प्रकार आहे, २०२४ मध्ये तो ४७,१३० डॉलरपर्यंत होता.

प्रोसेस कशी चालते ते सांगते. फॉर्म २६-४५५५ भरायचा, तो सोपा आहे, ऑनलाइन होतो. पात्रता ठरली की व्हीएचा एक एजंट नेमला जातो, तो फोन करतो, घरी येतो आणि तीन गोष्टी बघतो: या माणसाला या घरात राहणं तब्येतीच्या दृष्टीने शक्य आहे का, घर बदलण्याजोगं आहे का, आणि पैशाचं गणित बसतंय का. ताईकडे आलेला एजंट म्हणजे अक्षरशः देवमाणूस. टेप घेऊन घरभर फिरला, भाऊजींना म्हणाला तुम्ही रोज सकाळी जे जे करता ते मला करून दाखवा. आम्ही सगळे रॅम्पचंच डोक्यात घेऊन बसलो होतो आणि ह्याने आधी बेसिन बघितलं. बेसिनखाली गुडघे जायला मोकळी जागा हवी हे आम्हाला माहीत होतं, पण खालचा गरम पाण्याचा पाइप उघडा असेल आणि पायाला संवेदना नसेल तर कातडी भाजतेय हे माणसाला कळतसुद्धा नाही, म्हणून पाइपला आवरण हवं, हे त्याने सांगितलं. मग घरातून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, एक आगीत अडकली तर दुसरी. माझ्या मते या योजनेतली खरी किमती गोष्ट हा एजंटच आहे, चेक त्यानंतर.

रॅम्पबद्दल एक सांगून ठेवते कारण इथे सगळे फसतात. उतार एकास बारा. दारापुढे तीन पायऱ्या असतील तर उंची साधारण २१ इंच, म्हणजे रॅम्प २१ फुटांचा, वर वळणावर सपाट जागा वेगळी. लोक चार फळ्या टाकून घसरगुंडी करतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. व्हीलचेअर पूर्ण वळायला ६० इंचांचा मोकळा गोल लागतो, दारं ३६ इंची असली की बरं, आणि हे सगळं जुन्या घराच्या बोळकांडीत बसवायचं म्हणजे भिंती पाडणं आलंच, मग कळतं की लाख डॉलर ऐकायला मोठे वाटतात पण पुरवून पुरवून वापरावे लागतात.

आता कॉन्ट्रॅक्टर. व्हीए कॉन्ट्रॅक्टर नेमून देत नाही, तुम्हीच शोधायचा, आणि योजनेचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. ज्याला असं काम माहीत आहे असा माणूस सहज मिळत नाही आणि ज्याला माहीत नाही तो माहीत असल्यासारखं बोलतो. ताईने घेतलेल्याने (नाव घेत नाही) शॉवरमध्ये धरायचे दांडे नुसते भिंतीच्या पातळ जिप्सम बोर्डावर, म्हणजे ड्रायवॉलवर, स्क्रूने ठोकले, मागे लाकूडच नाही! माणूस व्हीलचेअरवरून स्वतःला उचलून त्या दांड्यावर सगळं वजन टाकणार, तो दांडा भिंतीसकट हातात आला असता. पण पैसे सगळे कॉन्ट्रॅक्टरच्या हातात आधी दिलेले नसतात, एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात असतात आणि काम तपासून टप्प्याटप्प्याने सुटतात, त्यामुळे तपासणीत हे पकडलं गेलं आणि गुपचूप भिंत उघडून परत करून दिलं त्याने. हीच भानगड साध्या घरदुरुस्तीत झाली असती तर ताई आजपर्यंत त्याच्या मागे फोन करत बसली असती. हां, टप्प्याटप्प्याने पैसे मिळणार म्हटल्यावर काही चांगले कॉन्ट्रॅक्टर कामच घेत नाहीत, ती दुसरी बाजू. वेळ लागतो, महिन्यांच्या हिशोबातच विचार करा, आणि बाथरूम फोडलं की आंघोळीची सोय कुठे ते आधी ठरवा, ते कुणी सांगत नाही.

आता माझी खरी तक्रार. पात्रतेची यादी. एकाहून जास्त हात-पाय गेले किंवा निकामी झाले, दोन्ही डोळ्यांची दृष्टी २०/२०० किंवा त्याहून कमी, ठरावीक प्रकारचं गंभीर भाजणं, एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार), असं सगळं अवयव आणि आजार मोजून लिहिलेलं आहे. दोन्ही हातांचे फक्त पंजे गेले असतील किंवा श्वसनाच्या काही इजा असतील तर एसएएच नाही, धाकटी एसएचए म्हणजे स्पेशल होम अ‍ॅडाप्टेशन ग्रांट मिळते, २०२४ मध्ये २३,४४४ डॉलर. आणि सगळ्यात अजब कलम: ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेत एकच पाय गेला आणि कुबड्या-काठीशिवाय चालता येत नाही, तर एसएएच मिळू शकते, पण वर्षाला फक्त १२० जणांना. आधी तर हा आकडा ३० होता म्हणे कौतुकाने सांगतात! म्हणजे १२१ व्या माणसाचा पाय काय उगवणार आहे का? पुढचं आर्थिक वर्ष सुरू होण्याची, म्हणजे ऑक्टोबरची वाट बघा.

यादीत घरात नेमकं काय अडतंय हा प्रश्नच नाही. समजा एखाद्याची कंबर आणि गुडघे सैन्यातच गेलेत, डोक्याला मार लागल्यामुळे तोल जातो, जिना चढता येत नाही, टबमध्ये पाय टाकता येत नाही, व्हीएने दिलेलं अपंगत्वाचं रेटिंग शंभर टक्के आहे, तरी हात-पाय "निकामी" या व्याख्येत तो बसला नाही तर एसएएच शून्य. त्याच्या वाट्याला येते हिसा (HISA) नावाची घरातल्या छोट्या बदलांसाठीची ग्रांट, ती व्हीएच्या आरोग्य विभागाकडून मिळते, डॉक्टरची चिठ्ठी लागते. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला आयुष्यभरात मिळून ६,८०० डॉलर, बाकीच्यांना २,०००. ही मर्यादा २०१० ची, आणि एसएएच दर ऑक्टोबरला वर सरकत असताना ही वर्षानुवर्षं जागची हलली नाही. ६,८०० मध्ये आज धड एक बाथरूम होत नाही. लाख आणि सात हजार, अशा माणसासाठी मध्ये काहीच नाही, आणि दोन माणसांची आंघोळीची अडचण मात्र एकच. मला हे पटत नाही.

एक टीप, ज्याला एसएएच मिळते त्याला हिसाही मिळू शकते. दोन्ही वेगळ्या विभागांच्या, त्यामुळे एका खिडकीवर दुसरीचं कुणी आपणहून सांगत नाही. विचारायचं. हॉट टब वगैरे मागू नका, ते हिसात बसत नाही.

घरच नसेल तर? मग या ग्रांट्सचा उपयोग जवळपास नाही, सगळी रचना मालकाच्या बाजूने आहे. घर घेणाऱ्यांसाठी व्हीएचं होमलोन चांगलं आहे, ते १९४४ च्या जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यापासूनचं, डाउन पेमेंट सहसा लागत नाही आणि अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर फंडिंग फी, म्हणजे कर्जावर व्हीए घेते ती एकरकमी फी, माफ. टेक्ससमध्ये शंभर टक्केवाल्यांना राहत्या घराचा प्रॉपर्टी टॅक्सही पूर्ण माफ आहे, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, आपलं बघून घ्या. बेघर झालेल्या माजी सैनिकांसाठी हड-व्हॅश ही गृहनिर्माण खातं आणि व्हीएची मिळून योजना, त्यात भाड्याचं व्हाउचर आणि सोबत व्हीएचा केस मॅनेजर. कल्पना चांगली, पण कितीतरी वर्षं अपंगत्वाचा भत्ताच उत्पन्नात धरत होते, त्यामुळे जास्त जखमी म्हणजे जास्त भत्ता, जास्त भत्ता म्हणजे घरासाठी अपात्र असा उलटा न्याय होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पात्रता ठरवताना तो भत्ता मोजायचा नाही असं ठरलं. इतकी साधी गोष्ट कळायला इतकी वर्षं! आणि लॉस एंजेलिसला तर १८८८ साली अपंग सैनिकांच्या निवासासाठी दान दिलेल्या जमिनीवर विद्यापीठाचं बेसबॉल मैदान निघालं, कोर्टात जावं लागलं लोकांना.

स्टार द्यायचेच तर एसएएचला पाचपैकी चार, एक यादीसाठी कापला. हिसाला दोन. हड-व्हॅश मी जवळून बघितलेलं नाही, त्यामुळे त्याला देत नाही.

फॉर्म भरायला मदत लागली तर डीएव्ही (डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स) किंवा पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका यांच्यासारख्या संघटनांची माणसं फुकट करून देतात. ग्रांट मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे, असं म्हणणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्या.