मुलींच्या कॉलेज हॉकीचा पूर्ण मोसम काढल्यावर स्केट्सबद्दल

अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज आइस हॉकी टीममध्ये सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत वापरलेल्या स्केट्सचा हा अनुभव आहे. जोड मधल्या श्रेणीचा: कडक बूट, भट्टीत गरम करून पायावर बसवता येणारा, आणि पातं काढून बदलता येईल असा होल्डर (बुटाच्या तळाला बसवलेली, पातं धरणारी प्लास्टिकची चौकट). वापर आठवड्यातून चार सराव आणि बहुतेक वेळा शुक्रवार-शनिवार असे दोन सामने, म्हणजे सहा ते आठ तास बर्फावर. कंपनीचं नाव देत नाही, कारण या श्रेणीतले सगळेच जोड साधारण त्याच त्या ठिकाणी दमतात.

निकाल आधीच सांगते. बूट उत्तम टिकला. पातं मार्चपर्यंत संपत आलं. आणि मोसमात खेळावर जो काही फरक पडला, तो बुटाच्या किमतीने नाही, धारेने पडला. हजार डॉलरचा बूट घेऊन महिनाभर धार न लावणारी मुलगी पाचशेच्या बुटात दर आठवड्याला धार लावणाऱ्या मुलीच्या मागे राहते. वळणावर हे अगदी उघड दिसतं.

आधी मापाचं बघू, कारण तिथे चुकलं की पुढचं काहीच सुधारत नाही. हॉकी स्केटचे आकडे पुरुषांच्या बुटांच्या मापाशी जोडलेले असतात. बाहेर वापरायचा बूट बायकांच्या अमेरिकन मापात ८ असेल, तर तो पुरुषांच्या मापात ६.५, आणि स्केट त्याहून एक-दीड मापाने लहान, म्हणजे ५ किंवा ५.५. ‘थोडा मोठा घेऊ, जाड मोजे घालू’ हा विचार सोडून द्या. मोजा पातळच हवा. गुडघे सरळ असताना अंगठा पुढच्या कडक टोपीला जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवले की सुटावा, हे योग्य माप.

मुलींची खरी अडचण टाचेची. बहुतेक साचे पुरुषांच्या पायावर बेतलेले असतात. अनेक मुलींचा चवडा रुंद, पण टाच त्या मानाने अरुंद असते. चवड्याच्या हिशोबाने बूट घेतला तर टाच आत उचलली जाते, आणि टाच उचलली की प्रत्येक ढकल अर्धी वाया जाते, वर फोड येतात ते वेगळेच. म्हणून लांबीइतकंच लक्ष बुटाच्या आकारमानावर द्या. हल्ली काही कंपन्या एकाच मापात अरुंद, मधला आणि रुंद असे तीन प्रकार देतात. तिन्ही घालून बघा. बुटाची खोली तपासायची सोपी रीत: लेस सैल करून जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवा. ती दोन्ही कडांवर सपाट बसली तर खोली पुरेशी. मध्ये पाय लागून पेन्सिल डुगडुगली तर बूट उथळ आहे, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत घोट्यापुढे लेस रुतायला लागतील.

भट्टीत बसवताना बूट साधारण ८० अंश सेल्सिअसला चार ते सहा मिनिटं तापवतात. नेमका वेळ त्या मॉडेलच्या सूचनेप्रमाणेच घ्यावा. गरम बुटात पाय घालून टाच मागे दोनदा ठोकायची, मग लेस आवळायच्या. इथे हमखास चूक होते. लेस वर ओढल्या तर मऊ झालेल्या बुटातून भोकांच्या कड्या उपटून येतात. बाजूला, बाहेरच्या दिशेने ओढायच्या. मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं, उभं राहायचं नाही. त्यानंतर चोवीस तास बर्फावर जायचं नाही. एवढं पाळलं तर नवा बूट तीन-चार सरावांत पायाला सरावतो, नाहीतर महिना जातो.

आता धार. पुण्या-मुंबईकडे चाकांच्या स्केट्सवर शिकून आलेल्या मुलींना हा भाग नवीन असतो, कारण चाकांना धार नसते. हॉकीचं पातं तीन मिलिमीटरपेक्षा किंचित कमी जाड असतं, आणि त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते, जिला रिंकवर सगळे हॉलो म्हणतात. पन्हळीच्या दोन काठांना दोन धारा: आतली आणि बाहेरची. पन्हळीची त्रिज्या जितकी लहान तितकी ती खोल आणि पकड जास्त. १/२ इंच ही सुरुवात करायची जागा. हलक्या बांध्याच्या मुलींना ७/१६ किंवा ३/८ बरी वाटते, कारण वजन कमी असलं की पातं बर्फात कमी रुततं. वजनदार किंवा लांब सरकत जाणाऱ्या खेळाडूला ५/८. खोल पन्हळीची किंमत मांड्या मोजतात. थांबताना पातं थरथरतं, सरकणं लवकर मरतं, आणि तिसऱ्या पिरियडमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत, ते जाणवतं. मोसमाच्या मध्यात एकदम दोन पायऱ्या बदलू नका. एक पायरी बदलून दोन सराव करा, मग ठरवा.

बर्फही सारखा नसतो. हॉकीचा बर्फ फिगर स्केटिंगच्या बर्फापेक्षा थंड आणि कडक ठेवतात. दुसऱ्या टीमच्या रिंकवर तो आणखी कडक निघाला तर घरच्या बर्फावर चालणारी धार तिथे घसरते. बर्फ मऊ असेल तर उलट, खोल पन्हळ नको तितकी रुतते. म्हणून बाहेरगावच्या सामन्यांना निघण्याच्या आदल्या दिवशी ताजी धार लावणं, ही सवय सगळ्यात उपयोगी ठरली.

धार लावून आणलेलं पातं न बघता बॅगेत टाकू नका. स्केट उलटा धरून पात्याच्या लांबीवरून दिव्याकडे बघा. चांगली धार प्रकाश परतवत नाही, ती काळी दिसते. जिथे पांढरी बारीक रेघ चमकते तिथे धार बोथट आहे किंवा दुमडली आहे. मग पात्यावर आडवं नाणं अलगद ठेवा. ते एका बाजूला कललं तर एक धार उंच आणि एक बुटकी आहे. हा दोष मशीनमधलं चाक पात्याच्या बरोबर मध्यावर नसल्यामुळे येतो, आणि त्याचा परिणाम फार फसवा: एका बाजूला वळताना पाय घट्ट धरतो, दुसऱ्या बाजूला अचानक निसटतो. खेळाडू आठवडाभर स्वतःच्या तंत्रालाच दोष देत बसते. अशा वेळी पातं परत देऊन सपाट करून घ्या, पैसे पुन्हा मागितले तर स्पष्ट बोला. शेवटी नखावर धार हलकेच ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला पाहिजे. धारेच्या कडेला धातूची बारीक कूस उठली असेल तर हातातल्या दगडाने पात्याच्या बाजूवरून एक-दोन हात फिरवा, तळावरून कधीच नाही.

किती वेळा? या वापराला आठवड्यातून एकदा, शक्यतो गुरुवारी, आणि दगडावर किंवा सिमेंटवर पाय पडला की लगेच. गोलच्या खांबाला लागूनही धारेत टवका पडतो. मोठ्या टीममध्ये हे काम सांभाळणारा माणूस असतो. लहान कॉलेजांत आणि क्लबच्या टीममध्ये ते बहुतेकदा मुलींच्याच अंगावर असतं. गोलकीपरचं गणित वेगळं, तिचं पातं सुमारे चार मिलिमीटर जाड आणि बरंच सपाट. तिचे स्केट्स खेळाडूंच्या मापाने घासायला देऊ नका.

सतत घासल्याने दोन गोष्टी होतात. एक, पात्याची पुढून-मागे असलेली गोलाई बदलते. टाच आणि चवड्याकडे जास्त घासलं जातं, आणि पोरगी उगाच पुढे झुकल्यासारखी किंवा मागे बसल्यासारखी खेळू लागते. मोसमात एकदा, हिवाळी सुट्टीच्या आसपास, गोलाई पुन्हा आखून घ्या. दोन, पात्याची उंची घटते. मार्चमध्ये खोल वळणावर पाय एकाएकी सुटला तर पातं तपासा: ते इतकं उतरलेलं असतं की झुकल्यावर होल्डरचं प्लास्टिकच बर्फाला टेकतं आणि धार उचलली जाते. म्हणून नव्या जोडाबरोबरच जादा पात्यांची एक जोडी घ्या, सुरुवातीपासून आलटून पालटून वापरा. सामन्याच्या मधल्या सुट्टीत पातं बदलायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्यामुळे धार गेली म्हणून एखादा पूर्ण पिरियड रखडत काढण्याची वेळ येत नाही. या मोसमात सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे हेच.

बाकी झीज थोडक्यात. होल्डरचे पुढचे रिव्हेट डिसेंबरपासून सैल होऊ लागतात. बूट हातात धरून होल्डर हलवला की किंचित टक्-टक् आवाज येतो, त्याच दिवशी बदलून घ्यावेत, नाहीतर भोक रुंदावतं. पातं धरणारा बोल्ट किंवा खटका प्रत्येक सामन्याआधी तपासायचा. आतली सपाट गादी जानेवारीपर्यंत चेपली, तेव्हा ती बदलल्याने टाच पुन्हा नीट बसली. जीभ पातळ असली तर लेस घोट्यापुढच्या शिरांवर रुततात आणि दुखणं आठवडे टिकतं. तिथल्या एका भोकातून लेस न घालता पुढे नेली किंवा जेलची पट्टी घातली तर आराम पडतो. मेण लावलेल्या लेस सुटत नाहीत, पण त्याही झिजतात, तेव्हा एक जोडी बॅगेत ठेवाच. शॉट अडवणाऱ्या मुलींनी पावलावर पारदर्शक कवच लावावं. खेळाची चकती (पक) सहा औंसांची, एक इंच जाडीची गोठवलेली रबरची असते; ती थेट पावलावर आली की बुटाची बाजू तडकते आणि हाडही.

सुकवणं मात्र रोजचं. बाहेर आल्यावर पातं आणि होल्डरच्या खाचा फडक्याने कोरड्या पुसा, गादी बाहेर काढा, जीभ पुढे ओढून बूट उघडा ठेवा. हीटरजवळ ठेवू नका, चिकटवलेले थर सुटतात. चालताना पात्यावर कडक प्लास्टिकची कवचं, बॅगेत मात्र कापडी मऊ पिशव्या. कडक कवचात पाणी अडकतं आणि एका रात्रीत पात्याच्या कडेला तांबडे ठिपके उठतात.