हिअरिंग लूपचा अ‍ॅम्प्लिफायर: आठ महिने वापरल्यावर

आईच्या श्रवणयंत्रात ‘टी’ची सोय आहे, हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं. ती लावली की यंत्रातली बारीक कॉइल चुंबकीय क्षेत्रातून थेट आवाज घेते. पंख्याची घरघर नाही, शेजारच्यांचं कुजबुजणं नाही. म्हणून सांगलीच्या विश्रामबागेत आमची ज्येष्ठ मंडळी जमतात त्या हॉलमध्ये मी १० बाय १० मीटरचा लूप, म्हणजे ते चुंबकीय क्षेत्र तयार करणारा तारेचा वेढा, जमिनीलगत फिरवला. दीड चौरस मिलिमीटरची ४० मीटर तार, म्हणजे हिशेबाने फक्त ०.४६ ओहम.

पडून असलेला १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर थेट जोडला, तो पहिल्याच वाक्याला ट्रिप झाला. इतके कमी ओहम म्हणजे त्याच्या लेखी शॉर्टच. सिरीजमध्ये ४ ओहमचा रेझिस्टर टाकायचं एकाने सुचवलं. पण बोलण्यातल्या चढाला ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर क्षेत्र हवं, त्यासाठी एवढ्या लूपमध्ये साडेचार अँपिअरच्या आसपास जातात. म्हणजे रेझिस्टरच ८० वॅट खाणार! शेवटी कुपवाडला एका वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर करून घेतला: प्रायमरीला, म्हणजे आउटपुटच्या बाजूला, १८० टर्न (वेढे) आणि लूपच्या बाजूला ६०. टर्न तिप्पट, तर ओहम नऊपट दिसतात; ०.४६ चे चारच्या वर गेले.

मग वॅटच्या मोहात पडून ५०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि तिथे महिना गेला. ट्रान्सफॉर्मर गुरगुरायचा, तापायचा. आवाज पूर्ण बंद ठेवून आउटपुटला मीटर लावला, तर ४० मिलिव्होल्ट डीसी. स्पीकरला त्याचं काहीच वाटत नाही. पण प्रायमरीचा रेझिस्टन्स जेमतेम अर्धा ओहम, त्यामुळे ८० मिलिअँपिअर सतत वाहत होते आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर आधीच एका बाजूला चुंबकित होऊन बसला होता. त्यावर खर्जाचा आवाज आला की सॅच्युरेशन, म्हणजे कोअरची चुंबकत्व पेलायची हद्द संपायची. तो ५०० वॅटवाला परत केला.

आता आहे तो साधा ६० वॅटचा, ४ ओहमला खात्रीने चालणारा. डीसी ३ मिलिव्होल्टच्या आत, आणि १०० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर आतच. चढालासुद्धा लूपला पंधरा-वीस वॅटच्या वर लागत नाहीत. आठ महिन्यांत एकदाही ट्रिप नाही, हीटसिंक कोमट. ब्रिज करायचा, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडून एकच लूप चालवायचा, विचार मनातून काढा. त्यात प्रत्येक बाजूला निम्मेच ओहम दिसतात.

उणीव एक आहे. तारेच्या इंडक्टन्समुळे (वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढत जाणाऱ्या अडथळ्यामुळे) हजार हर्ट्झच्या वर करंट पडत जातो, ‘स’ आणि ‘श’ बोथट येतात. ट्रेबल बराच वाढवून मी ते भरून काढलं. हाताशी पैसे असते तर लूपसाठीच बनवलेला, तारेचा अडथळा बदलला तरी करंट तोच ठेवणारा करंट-ड्राइव्ह अ‍ॅम्प्लिफायर घेतला असता. मीटरबोर्डाजवळच्या चार खुर्च्यांवर ५० हर्ट्झची गुणगुण अजून येते. तिथे यंत्रवाल्यांना मी बसू देत नाही.

गेल्या गुरुवारच्या व्याख्यानात वक्ते हळू आवाजात काहीतरी गमतीचं बोलले. आई तिसऱ्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी हसली.