आलमारीच्या आधी कपड्यांचे माप: दारव्ह्याच्या एका मिस्त्रींच्या कामाबद्दल

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे गाव आहे. तेथील घरात कपडे, अंथरूण-पांघरूण आणि लग्नकार्यांतून जमलेल्या साड्या नीट राहाव्यात म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही दारव्ह्याच्या एका सुतार-मिस्त्रींकडून जागेची नव्याने आखणी करून घेतली. काम एप्रिलमध्ये सुरू झाले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपले. त्यावर लगेच लिहावे असे मला वाटले नाही, कारण आमच्याकडे लाकडाच्या कामाची परीक्षा पावसाळ्यात होते आणि साठवणीच्या जागेची परीक्षा कापूस घरात आल्यावर होते. आता फेब्रुवारी सुरू आहे आणि दोन्ही परीक्षा होऊन गेल्या आहेत.

आमचे घर दोन काळांत बांधलेले आहे. मागचे माजघर मातीच्या दोन फूट जाडीच्या भिंतींचे असून त्या भिंतींत सागवानी दारांच्या दोन जुन्या आलमाऱ्या आहेत. पुढे दहा बाय दहाची एक स्लॅबची खोली आहे आणि तीत माझ्या आंदणातली लोखंडी आलमारी उभी आहे. माणसे सहा. जागा पुरत नाही ही तक्रार आमच्या घरात इतकी जुनी होती की नवी आलमारी घेणे हाच तिच्यावरचा उपाय आम्ही धरून चाललो होतो. तीन वर्षांपूर्वी तशी एक तयार आलमारी एका प्रदर्शनातून आणलीही होती. ती लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची होती. पहिल्याच पावसाळ्यात तिचे तळाचे टोक फुगले, दुसऱ्या पावसाळ्यात बिजागऱ्यांचे स्क्रू त्या फुगलेल्या फळीतून सुटून आले आणि दार हातात आले. विकणाऱ्याने बदलून दिली नाही. म्हणून या वेळी तयार वस्तू घ्यायची नाही, एवढेच ठरवून आम्ही मिस्त्रींना बोलावले.

ते आले त्या दिवशी त्यांनी करवत बाहेरच काढली नाही. टेप, वही आणि पेन्सिल घेऊन ते सकाळी नऊला बसले आणि आम्हाला घरातले सगळे कपडे ओसरीवर काढायला लावले. खोलीचे माप त्यांनी सर्वांत शेवटी घेतले. आधी घडी केलेल्या साडीची लांबी-रुंदी, दहा साड्यांच्या थप्पीची उंची, रजईची घडी, गोधड्यांचा गठ्ठा, मुलांच्या शाळेच्या गणवेशांची संख्या, हे सगळे त्यांनी मोजले. प्रत्येक गठ्ठ्यापाशी त्यांचा एकच प्रश्न असे. माझ्या सासूबाईंची करवतकाठी टसरची साडी हातात घेऊन त्यांनी विचारले, "माय, हे कवा काढता तुमी?" सासूबाई म्हणाल्या, "लग्नात काढतो, नाईतं नाई." त्यांनी वहीत त्या साडीपुढे "वर्षातून दोनदा" असे लिहिले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत चार रकाने तयार झाले होते: रोज, आठवड्याला, हंगामाला आणि लग्नकार्याला. पुढचे सारे काम या चार रकान्यांवर उभे राहिले, आणि मी त्यांची शिफारस करते ती मुख्यतः त्या एका दिवसासाठी.

लोखंडी आलमारीचे उदाहरण देते, कारण अशी आलमारी आपल्याकडे घरोघरी आहे. ती साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि 19 इंच खोल आहे, म्हणजे बाहेरच्या मापाने सुमारे 31 घनफूट. आत तिजोरीचा कप्पा सोडून चार खण होते आणि प्रत्येकाची उंची जवळजवळ 15 इंच होती. कपड्यांची थप्पी मात्र दहा इंचांच्या वर गेली की कलते, आणि खालची साडी ओढली की सगळीच कोसळते. त्यामुळे प्रत्येक खणात वरचे पाच इंच कायम रिकामे राहत होते आणि आलमारी भरली आहे असेच आम्हाला वाटत होते. मिस्त्रींनी फॅब्रिकेशनच्या दुकानातून त्याच मापाच्या दोन लोखंडी फळ्या बनवून आणल्या, खाचा पाडल्या आणि चाराचे सहा खण केले. या दोन फळ्यांना 1,300 रुपये लागले आणि कपडे ठेवायला साडेनऊ चौरस फूट नवी जागा मिळाली. वीस वर्षे ती आलमारी मी रोज उघडत होते, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते.

खणांच्या खोलीबद्दलही त्यांनी असाच विचार केला. साडीची घडी साधारण नऊ-दहा इंचांची असते, म्हणून 19 इंचांच्या खणात एकीमागे एक अशा दोन थप्प्या बसतात, आणि मागची थप्पी विसरली जाते. त्यांनी मागे लग्नकार्याच्या रकान्यातले कपडे आणि पुढे आठवड्याचे, असा नियम घालून दिला. मागची थप्पी खालच्या एका पातळ पाटीवर ठेवली आहे. पुढची उचलली की पाटी धरून मागची सबंध पुढे ओढता येते. या पाट्या त्यांनी उरलेल्या तुकड्यांतून केल्या आणि त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

मातीच्या भिंतीतल्या आलमाऱ्यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांत पूर्वी लाकडाच्या तीन-तीन फळ्या होत्या आणि त्यांपैकी दोन उधईने आतून पोखरलेल्या निघाल्या. वरून रंग शाबूत होता, पण बोटाने दाबल्यावर फळी कागदासारखी आत गेली. आम्हाला तेथे प्लाय हवा होता. मिस्त्रींनी साफ नकार दिला. मातीच्या भिंतीतून उधई चढणारच, औषध मारले तरी काही वर्षांनी त्याचा जोर ओसरतो, म्हणून भिंतीला टेकणारी कोणतीही फळी लाकडाची ठेवायची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी प्रत्येक आलमारीत कडप्प्याच्या चार फळ्या बसवल्या. सगळा दगड मिळून 2,000 रुपयांत झाला, म्हणजे प्लायपेक्षा स्वस्तच. सागवानी दारे मात्र त्यांनी काढली नाहीत. ती उतरवून, रंधा मारून, बिजागऱ्या बदलून पुन्हा बसवली आणि चौकटीला आतून रबराची पट्टी लावली.

त्या पट्टीचे कारण ज्यांच्या घरात कापूस साठतो त्यांना सांगावे लागणार नाही. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, भाव बरा मिळेपर्यंत थांबायचे असते, आणि माजघर छातीइतक्या उंचीपर्यंत भरून जाते. कापसातल्या बारीक किडींमुळे आणि धुळीमुळे अंगाला खाज सुटते, आणि त्या खोलीतले कपडे घातले तर ती खाज घरभर फिरते. शिवाय कापसाच्या ढिगामागे गेलेली आलमारी फेब्रुवारीपर्यंत उघडताच येत नाही. आजवर आम्ही या आलमाऱ्यांत हिवाळ्याचे स्वेटर ठेवत होतो, आणि ऐन थंडीत ते कापसामागे अडकत. मिस्त्रींनी वहीतला हंगामाचा रकाना उघडला आणि तेथे फक्त मार्चनंतर लागणाऱ्या वस्तू ठेवायला सांगितल्या: उन्हाळ्याच्या सुती चादरी, डोक्याला बांधायचे दुपट्टे, कूलरचे पडदे, पापड-कुरडयांच्या वाळवणाच्या साड्या आणि सोऱ्या. स्वेटर आणि रजया पुढच्या खोलीत गेल्या. या वर्षी कापूस आला, तीन महिने राहिला, विकला गेला, आणि त्या काळात त्या आलमाऱ्या उघडण्याची गरज एकदाही पडली नाही. परवा दार उघडले तेव्हा चादरींवर कापसाचा एक तंतूही नव्हता.

पुढच्या खोलीत त्यांनी दाराच्या वरच्या अंगाला भिंतीपासून भिंतीपर्यंत माळा केला. दहा फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, म्हणजे 40 घनफूट. आमच्या लोखंडी आलमारीपेक्षा जास्त जागा, आणि तीही जमिनीचा एक इंच न अडवता. खाली लोखंडी अँगलची चौकट आणि दर तीन फुटांवर आधार आहे, कारण 18 मिलिमीटरचा प्लायसुद्धा तीन फुटांपेक्षा लांब मोकळा सोडला तर रजयांच्या वजनाने हळूहळू मध्ये झुकतो. प्लाय त्यांनी बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या, प्रतीचा आणला आणि आयएसआयचा शिक्का आम्हाला दाखवला. साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, प्लाय कोरड्या खोलीत चालतो, पण आमची ही भिंत पश्चिमेची असून पावसाळ्यात ओल धरते. समुद्री प्रतीचा, म्हणजे आयएस 710 चा, प्लाय येथे लागत नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले, आणि जास्त नफ्याची वस्तू गळ्यात न मारणारा माणूस म्हणून मला तेथेच त्यांच्याविषयी विश्वास वाटला.

आता चुकीविषयी. ज्या मिस्त्रींनी आमच्या गोधड्या मोजल्या, त्यांनी पंख्याचे माप घेतले नाही. माळ्याला अडीच-अडीच फुटांची चार दारे बसवली, आणि मधली दोन उघडली की थेट पंख्याच्या पात्यांच्या फेऱ्यात जात होती. पंखा बंद असताना हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या धाकट्या मुलाने पंखा सुरू असताना दार उघडले तेव्हा पाते दाराच्या कडेवर आदळले आणि सनमायकाचा तुकडा उडाला. सुदैवाने कोणाला लागले नाही, पण ही चूक लहान नाही. मिस्त्रींनी ती मान्य केली, दुसऱ्या दिवशी येऊन ती दोन्ही दारे सरकती केली आणि मजुरी घेतली नाही. सरकत्या पट्टीचे 700 रुपये मात्र आम्हाला द्यावे लागले. माझ्या मते तेही त्यांनी घ्यायला नको होते. माळा करून घेणाऱ्यांनी पंखा सुरू ठेवूनच दारांची आखणी करून घ्यावी.

दुसरी तक्रार वेळेची आहे. सहा दिवसांचे काम नऊ दिवस चालले आणि लग्नसराईमुळे ते नऊ दिवस तीन आठवड्यांत विखुरले गेले. तेवढे दिवस आमचे कपडे ओसरीवर ताडपत्रीखाली होते आणि मध्येच एक अवकाळी पाऊसही येऊन गेला. माळ्याच्या दारांच्या कडेची पट्टी एका कोपऱ्यात सुटली आहे. स्लॅबखाली मे महिन्यात जी उष्णता साठते तिच्यापुढे ती टिकली नाही. याच उष्णतेमुळे माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत साड्या ठेवू नयेत, असे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगते. एका साडीच्या काठाला पिशवी चिकटली आणि जरीचा रंग गेला. आता भारी साड्या सुती कापडात गुंडाळलेल्या आहेत, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलते, आणि डांबरगोळ्यांऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवते. पाल्याचा चुरा होतो, म्हणून तोही कापडी पुरचुंडीत बांधावा लागतो.

एकूण खर्च 27,930 रुपये आला आणि वर ते 700. यातील 12,600 रुपये मजुरी होती, दोन माणसांची नऊ दिवसांची. मापाच्या दिवसाचे त्यांनी काही घेतले नाही. याच रकमेत तयार आलमारी आली असती आणि तिने खोलीतली सहा-सात चौरस फूट जमीन अडवली असती.

आहेराच्या साड्यांचा प्रश्न कोणत्याही मिस्त्रीला सुटणारा नाही, तो आम्ही दोघी सासू-सुनांनी सोडवला. सगळ्या साड्या ओसरीवर एकत्र आल्या तेव्हा त्या 96 भरल्या. त्यांतल्या 31 कधीच नेसलेल्या नव्हत्या. जुन्या, विरलेल्या साड्यांच्या सासूबाईंनी चार गोधड्या शिवायला घेतल्या. न नेसलेल्या साड्यांना मी चिठ्ठ्या टाचल्या आणि प्रत्येकीवर देणाऱ्या घराचे नाव लिहिले, म्हणजे पुढच्या लग्नात ती त्याच घरी परत जाऊ नये. त्यांचा एक वेगळा खण आहे आणि तो दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर तपासायचा, असे आमचे ठरले आहे.

काम करून घ्यायचे असेल तर मिस्त्रींना लग्नसराईत बोलावू नका. पोळ्यानंतर ते मोकळे असतात आणि दिवस पाळतात. कोणत्याही मिस्त्रीकडून करून घ्या, पण पहिला दिवस मापाला द्या आणि घरातल्या सगळ्या बायकांना त्या दिवशी घरी राहू द्या, कारण कोणती वस्तू केव्हा लागते हे त्यांनाच माहीत असते. आमच्या जिन्याखालची जागा अजून राहिली आहे. कूलर जून संपला की पुढच्या मार्चपर्यंत तेथे पडून असतो आणि त्याच्या मागे दोन हात जागा वाया जाते. मिस्त्रींनी कूलरचे आणि जिन्याच्या उताराचे माप वहीत घेऊन ठेवले आहे; मार्चमध्ये कूलर बाहेर निघाला की ते येणार आहेत.